सोयीचा अर्थ

पत्ते म्हटले की भांडण आलंच. मे महिन्याच्या सुट्टीत मेंढीकोट खेळलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. 'तू पान आधी टाकलंस', 'तू त्याला डोळा मारलास', 'हुकूम असताना तू दिला नाहीस'... दहा मिनिटं डाव आणि वीस मिनिटं कोर्टकचेरी. पण त्या भांडणांची एक चांगली बाजू होती. त्यात नेहमी दोन पक्ष असायचे. तुम्ही नियमाचा तुमच्या सोयीचा अर्थ लावला की समोरचा लगेच त्याच्या सोयीचा लावायचा. आरडाओरडा व्हायचा आणि शेवटी सत्य नाही तरी निदान तह तरी बाहेर पडायचा.

आता अशा खेळाची कल्पना करा ज्यात समोर कुणी नाहीच. सगळे एकाच बाजूला आणि विरुद्ध बाजूला पत्त्यांचा एक मुका गठ्ठा. नियम धूसर असला तर भांडायचं कुणाशी?

गेली काही वर्षं आम्ही चौघं शनिवारी रात्री असाच एक खेळ खेळतो. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द कार्ड गेम'. फँटसी फ्लाइट गेम्स या अमेरिकन कंपनीने २०११ साली काढला, मूळ रचना नेट फ्रेंच यांची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो (माहीत असलेल्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी). प्रत्येकाने जास्तीत जास्त तीन हिरो निवडायचे आणि स्वतःचा पत्त्यांचा गठ्ठा बांधायचा. समोर एन्काउंटर डेक असतो. त्यातून दर फेरीला राक्षस, जंगलं आणि संकटं बाहेर पडतात. प्रत्येकाच्या नावावर 'थ्रेट' नावाचा आकडा असतो. तो ५० वर गेला की तुम्ही बाद. हिरो सगळे मेले तरी बाद. जिंकलात तर सगळे मिळून जिंकता. टेबलावर कुणी शत्रू नाही, पंच नाही, आणि संगणकही नाही. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. संगणकावरचा खेळ असता तर बेकायदेशीर चाल त्याने करूच दिली नसती. इथे नियम आपणच वाचायचे, आपणच अमलात आणायचे, आणि आपल्यालाच शिक्षा करून घ्यायची.

आमच्या चौकडीत एक बॅकएंडवाला आहे, त्याला आम्ही 'वकील' म्हणतो. कारण उघड आहे. एक टेस्टर आहे, जो आयुष्यातली प्रत्येक गोष्ट बग रिपोर्टसारखी वाचतो. माझी बायको आहे, जी आमच्यात सगळ्यात चांगली खेळते आणि सगळ्यात कमी बोलते. आणि मी.

या खेळाची खरी गंमत कार्डांवरच्या चित्रांत नाही, शब्दांत आहे. उदाहरण देतो. 'स्नीक अटॅक' नावाचं एक स्वस्त कार्ड आहे, किंमत फक्त १. हातातला एखादा अ‍ॅलाय लगेच मैदानात उतरवायचा, आणि तो फेज संपेपर्यंत टिकला तर हातात परत घ्यायचा. मूळ संचातल्या गँडाल्फची किंमत ५ आहे, आणि तो मैदानात आला की तीनपैकी एक काम करतो: तीन कार्डं देतो, एखाद्या शत्रूचे चार हिट पॉइंट उडवतो, किंवा तुमचा थ्रेट ५ ने उतरवतो. दोन्ही जोडा. एका रुपयात पाच रुपयांचा म्हातारा येतो, काम करतो, परत हातात जातो, आणि पुढच्या वेळी पुन्हा येतो. नवीन माणूस पहिल्यांदा हे बघतो तेव्हा त्याची हमखास प्रतिक्रिया असते, 'हे चालतं?'

चालतं. कारण गँडाल्फच्या कार्डावर 'मैदानात आल्यावर' असं लिहिलंय, 'खेळल्यावर' असं नाही. या खेळात कार्ड 'खेळणं' म्हणजे पैसे मोजून हातातून उतरवणं, आणि 'मैदानात ठेवणं' म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी जोरावर उतरवणं. दोन वेगळ्या क्रिया. एखाद्या कार्डाचा परिणाम 'खेळल्यावर' होत असेल तर त्याला स्नीक अटॅकचा काही उपयोग नाही. जो माणूस दिवसभर दोन जवळजवळ सारख्या नावांच्या फंक्शन्समध्ये गोंधळतो त्याला हे लगेच कळतं. बाकीच्यांना दोन वीकेंड लागतात.

दुसरं उदाहरण. 'अ टेस्ट ऑफ विल' हे कार्ड एन्काउंटर कार्डावरचा 'उघडल्यावर' होणारा परिणाम रद्द करतं. पण त्याच कार्डावर 'सर्ज' हा कीवर्ड असेल (म्हणजे आणखी एक कार्ड उघडा), तर तो रद्द होत नाही, कारण कीवर्ड हा 'उघडल्यावर'च्या मजकुराचा भाग नाही. आता तोच सर्ज जर 'उघडल्यावर'च्या वाक्यातच मिळत असेल, की अमुक झालं तर या कार्डाला सर्ज मिळतो, तर मात्र वाक्य गेलं म्हणजे सर्जही गेला. शब्द तोच, पण छापलाय कुठे यावर त्याचा जीव अवलंबून.

इंग्रजीतल्या 'यू'ने तर आमची खूप करमणूक केली आहे. तू की तुम्ही? एकट्याने की सगळ्यांनी? मराठीत लिहिलं असतं तर निदान 'तू' आणि 'तुम्ही सगळे' वेगळं करता आलं असतं, असं मी एकदा म्हणालो. बायको म्हणाली, 'आणि आदरार्थी तुम्ही आला की? गँडाल्फला तू म्हणणार का तुम्ही?' बरोबर आहे. आपली भाषाही काही साधीभोळी नाही. परवा म्हणजे होऊन गेलेला परवा की येणारा परवा, हे आपण क्रियापदावरून ओळखतो. 'परवा भेटू'मध्ये ते जमतं. पण कुणी नुसताच 'परवा' असा एका शब्दाचा मेसेज टाकला तर?

खेळ लिहिणारेही माणसंच. 'हॉर्न ऑफ गोंडोर' या कार्डावर आधी लिहिलं होतं की एखादं पात्र मैदानातून गेलं की एक रिसोर्स मिळेल. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा लढाईत पडलेला वीर असावा. पण स्नीक अटॅकने आलेला गँडाल्फ हातात परत जातो, तेव्हा तोही मैदानातून 'जातो'च की! शिंग वाजायचं आणि पैसे जमा. नंतर दुरुस्ती आली: 'गेलं'च्या जागी 'नष्ट झालं'. बेरावोर नावाची हिरो स्वतःला थकवून कुणालाही दोन कार्डं द्यायची. 'अनएक्सपेक्टेड करेज'ने तिला पुन्हापुन्हा ताजंतवानं करून लोकांनी तिची पाणपोई केली. तिच्यावरही 'फेरीत एकदाच' अशी मर्यादा आली. आम्ही याला प्रॉडक्शनमधला हॉटफिक्स म्हणतो.

या दुरुस्त्या कुणाच्या तक्रारीवरून झाल्या असतील? हरलेल्या पक्षाच्या नाही, कारण हरलेला पक्ष म्हणजे पत्त्यांचा गठ्ठा. म्हणजे ज्यांचा फायदा होत होता त्यांच्यातूनच कुणीतरी उठून विचारलं असणार की, अहो, हे जरा जास्तच होतंय का? मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

मागच्या पावसाळ्यात आम्ही 'जर्नी अलाँग द अँड्युइन' खेळत होतो. हा मूळ डब्यातलाच दुसरा प्रवेश. याची सुरुवातच हिल ट्रोलने होते: हल्ला ६, बचाव ३, हिट पॉइंट ९. त्याच्यासमोर एखादा किरकोळ अ‍ॅलाय बळी द्यावा म्हटलं तर तेही फुकट नाही. बळीच्या जिवापेक्षा जेवढा मार जास्त बसेल तेवढा तुमचा थ्रेट वाढतो. (हे कार्ड चांगल्या लेखनाचा नमुना आहे. 'जास्तीचा मार' म्हणजे नेमकं काय, हे कार्डावरच कंसात सांगितलंय. कमेंट असावी तर अशी.) आम्ही सलग चार शनिवार हरलो होतो. पाचव्या शनिवारी पहिल्यांदाच नदी पार करण्याच्या बेतात होतो. टेस्टरचा थ्रेट ३७ होता. त्याच्या हातात दोनच कार्डं: स्नीक अटॅक आणि गँडाल्फ. म्हणजे लढाईत म्हातारा येणार, दुसऱ्या ट्रोलचे चार पॉइंट उडवणार, आणि आम्ही सुटणार. सगळ्यांना माहीत होतं. चहा ठेवायला उठलेली बायको परत येऊन बसली होती.

एन्काउंटर डेकमधून 'ट्रेचरस फॉग' निघालं. दगाबाज धुकं. आशय असा: समोर असलेल्या प्रत्येक ठिकाणाचा थ्रेट फेज संपेपर्यंत १ ने वाढेल. मग ज्याचा थ्रेट ३५ किंवा जास्त आहे अशा प्रत्येक खेळाडूने हातातलं एक कार्ड टाकून द्यायचं.

समोर एकही ठिकाण नव्हतं. दोन शत्रू होते, ठिकाण शून्य. आणि टेस्टर ३७ वर.

वकील ताठ बसला. 'मग' हा शब्द बघा, म्हणाला. याच घराण्यातल्या 'आर्कम हॉरर' या खेळाच्या नियमपुस्तिकेत 'मग'चा अर्थ स्वच्छ दिलेला आहे: 'मग'च्या आधीचं यशस्वीपणे पूर्ण झालं तरच 'मग'च्या नंतरचं करायचं. इथे आधीचं काहीच झालं नाही. वाढायला ठिकाणच नव्हतं. म्हणजे नंतरचंही नाही. कार्ड टाकायचं नाही. गँडाल्फ येतोय!

युक्तिवाद चांगला होता. मला मनापासून पटावासा वाटत होता.

बोलला टेस्टरच. ज्याचं कार्ड जाणार होतं तोच. तो म्हणाला, 'रिकाम्या लिस्टवर फॉर लूप चालवला तर एरर येते का?'

येत नाही. लूप शून्य वेळा फिरतो, व्यवस्थित संपतो आणि पुढची ओळ चालू होते. पायथनला विचारा की रिकाम्या यादीतले सगळे घटक खरे आहेत का, तो बिनदिक्कत 'हो' म्हणतो. तर्कशास्त्रात याला रिक्त सत्य म्हणतात. 'प्रत्येक ठिकाण' म्हणजे जेवढी असतील तेवढी. शून्य असतील तर शून्यावर काम पूर्ण झालं. म्हणजे आधीचा भाग यशस्वी. म्हणजे 'मग' लागू. म्हणजे कार्ड टाक.

आता सांगा, बरोबर कोण? दोन्ही वाचनं प्रामाणिक आहेत. 'काही बदललं नाही म्हणजे झालं नाही' हे एक, आणि 'करण्यासारखं सगळं केलं म्हणजे झालं' हे दुसरं. आमच्या टेबलाचा नियम असा आहे की अशा वेळी मोबाइलवर दोन मिनिटं शोधायचं, त्यापेक्षा जास्त नाही. नाहीतर शनिवार शोधण्यातच जातो. दोन मिनिटं झाली. हाती काही लागलं नाही.

इथे 'आर्कम हॉरर'चाच दुसरा एक नियम उसना घेतो आम्ही. हा खेळ २०१६ चा, नेट फ्रेंच आणि एमजे न्यूमन यांचा. त्याच्या नियमपुस्तिकेत दोन नियमांना खास नावं आहेत. एक 'गोल्डन रूल': कार्डावरचा मजकूर आणि नियमपुस्तिका यांचा थेट विरोध आला तर कार्डाचं ऐकायचं. सामान्य नियमापेक्षा विशेष नियम मोठा. आपल्या शास्त्रकारांनाही हे ठाऊक होतं. दुसरा आहे 'ग्रिम रूल'. भीषण नियम म्हणू या. उत्तर सापडत नसेल, तर जिंकण्याच्या दृष्टीने त्या क्षणी जे सगळ्यात वाईट वाटतंय ते घडलं असं धरायचं, आणि खेळ पुढे न्यायचा.

टेस्टरने स्नीक अटॅक टाकून दिलं. गँडाल्फ हातात राहिला, पण त्याचे ५ मोजायला रिसोर्स नव्हते. दोन फेऱ्यांनी ट्रोलने आमचा निकाल लावला. पाचवा शनिवार.

वकील जाताना चप्पल घालता घालता म्हणाला, 'आपण उगाच हरलो यार.' त्यावर त्या रात्री कुणाकडेच धड उत्तर नव्हतं. मी मात्र नंतर बरेच दिवस या नियमाबद्दल विचार करत राहिलो, आणि हा लेख त्यातूनच आलाय.

पहिली गोष्ट. नियमांचा अर्थ लावण्यासाठी नियम करता येतात, पण ती साखळी संपत नाही. आमच्या क्षेत्रातलं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे आरएफसी २११९. इंटरनेटच्या मानकांमध्ये 'मस्ट', 'शुड', 'मे' या शब्दांचा नेमका अर्थ काय, हे सांगायला १९९७ साली हा छोटासा दस्तऐवज लिहिला गेला. छान. मग प्रश्न पडला की हेच शब्द लहान लिपीत आले तर तोच अर्थ धरायचा का? त्याचं उत्तर द्यायला २०१७ साली आरएफसी ८१७४ आला: फक्त कॅपिटलमध्ये असतील तरच. खुलाशाचा खुलासा!

हे आजचं दुखणं नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत जवळजवळ चार हजार सूत्रं आहेत, आणि एकाच जागी दोन सूत्रं लागू होऊन भांडायला लागली तर काय करायचं यासाठीही एक सूत्र आहे, पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातलं दुसरं. त्यात म्हटलंय की 'पर' असेल ते करावं. आता 'पर' म्हणजे काय? परंपरेने अर्थ लावला: ग्रंथात जे सूत्र नंतर येतं ते. केंब्रिजमध्ये पीएचडी केलेल्या ऋषी राजपोपट यांनी मांडलं की नाही, 'पर' म्हणजे शब्दाच्या उजवीकडच्या भागाला लागू होणारं सूत्र. २०२२ साली त्याची जगभर बातमी झाली. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही, वाद चालू आहे. पण गंमत बघा, भांडण मिटवण्यासाठी केलेल्या सूत्राच्याच एका शब्दावरून भांडण, आणि तेही दोन-अडीच हजार वर्षांनंतर.

भीषण नियम या साखळीतून वेगळ्या वाटेने सुटतो. शब्दांचा अर्थ काय, हे तो विचारतच नाही. तो विचारतो की शंकेचा फायदा कुणाला होणार? आणि जो अर्थ ठरवतोय त्याला होणार असेल तर त्याला तो देत नाही. बस्स. नीट वाचलात तर त्यात तीन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. एक, आधी शोधायचं आहे, आळस करून थेट वाईटाकडे जायचं नाही. दोन, 'त्या क्षणी वाटतंय' तेच धरायचं, दहा फेऱ्या पुढचा हिशेब करत बसायचं नाही. आणि तीन, पुढे जायचं. निकाल कायमचा नाही, फक्त आजच्यापुरता.

मग मला प्रश्न पडला की हे तत्त्व खेळाबाहेर चालतं का?

टेस्टरने त्याचं उत्तर आपणहून आणून दिलं, आणि ते 'नाही' असं होतं. तो तीन वर्षं राहत असलेला भाड्याचा फ्लॅट सोडत होता. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात एक वाक्य होतं: जागा जशी घेतली तशी परत करावी. मालकांनी सगळ्या घराच्या रंगकामाचे अठरा हजार डिपॉझिटमधून कापायचं ठरवलं. आणि हा बाबा गप्प! आम्ही विचारलं तर म्हणतो, 'वाक्यात तसंच आहे ना. वाईटात वाईट अर्थ तोच होतो.'

वकील एवढा मोठ्याने ओरडला की शेजारच्यांनी खिडकी लावली. 'अरे गाढवा, हा गेम को-ऑप नाहीये!'

त्या रात्री वकिलाने पाचव्या शनिवारचा सगळा हिशेब चुकता केला. तो म्हणाला, करार कुणी लिहिला? मालकांनी. वाक्य धूसर ठेवायचं की नाही हे कुणाच्या हातात होतं? मालकांच्या. मग शंकेचा फायदा त्यांना का? कायद्यात याला जुनं तत्त्व आहे. करारातला शब्द धूसर असेल, तर तो ज्याने लिहिला त्याच्या विरुद्ध वाचायचा. विम्याच्या करारांबाबत आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६६ साली हे तत्त्व मान्य केलेलं आहे: पॉलिसी कंपनी लिहिते, तेव्हा शंका कंपनीच्या विरुद्ध. फौजदारी कायद्याचंही तसंच. शिक्षा सांगणारा कायदा सरकार लिहितं, म्हणून त्यातला संशय आरोपीच्या बाजूने. 'जशी घेतली तशी'मध्ये तीन वर्षांचं ऊन-पाऊस येतं की नाही हे त्या वाक्यात कुठे लिहिलंय? भिंती काय तुझ्याविना कोऱ्या राहणार होत्या?

टेस्टरने दुसऱ्या दिवशी फोन केला. 'काका, खिळ्यांची भोकं मी बुजवून देतो, तो खर्च माझा. पण रंग उडणं ही नेहमीची झीज आहे.' बरीच घासाघीस झाली. शेवटी निम्मे परत आले. तो म्हणाला, पैशांपेक्षा तो फोन करणं जड गेलं.

मला त्याचं ते जड जाणं ओळखीचं वाटलं. आपल्यापैकी बऱ्याच चांगल्या मुलांना लहानपणापासून हेच शिकवलेलं असतं की शंका असेल तिथे आपण मागे सरायचं. त्याला आपण प्रामाणिकपणा म्हणतो. पण लिहिणारा एक आणि निकाल देणाराही तोच असताना तिसऱ्याने मागे सरणं याला प्रामाणिकपणा म्हणत नाहीत. ती नुसती सवय असते, आणि मालक मंडळींना ती माहीत असते.

मग उलटी परीक्षा माझी आली. मी सध्या एका टीमचा लीड आहे. आमच्याकडे नियम असा की सुट्टीच्या दिवशी 'काम केल्यास' बदली रजा मिळेल. टीममधली एक मुलगी दिवाळीच्या पाडव्याला ऑन-कॉल होती. घरीच होती, लॅपटॉप जवळ ठेवून. दिवसभरात दोन फोन आले, दहा-दहा मिनिटांचे. तिने मला विचारलं, 'सर, याची बदली रजा मिळते का?' ऑन-कॉल बसणं म्हणजे काम करणं का? धोरणात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि तिला हवा होता तो सोमवार, रिलीजच्या आदला दिवस.

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. वीस मिनिटं म्हणजे काय काम झालं? दोन्ही वाचनं पुन्हा प्रामाणिकच होती. फक्त यातलं एक माझ्या सोयीचं होतं, आणि निकालही माझ्याच हातात होता. समोर तिच्या बाजूने ओरडणारा वकील कुणी नव्हता. ती तर माझ्या 'नाही'ला 'ओके सर' म्हणून निघून गेली असती. नेमकी हीच ती मुक्या गठ्ठ्यासारखी जागा. मी रजा दिली. सोमवारी तिचं टेस्टिंग मी केलं, रात्री अकरा वाजले.

साहेबांनी विचारलं, 'कंपनीच्या खिशातून उदार झालास होय? उद्या सगळे मागतील.' मी म्हटलं, 'मग वाक्य बदलू या.' ते हसले नाहीत, पण दीड महिन्याने धोरणात ऑन-कॉलसाठी वेगळी ओळ आली. दिवसभर ऑन-कॉल असेल तर अर्ध्या दिवसाची रजा. मी दिली होती त्यापेक्षा कमी, पण स्वच्छ लिहिलेली. यापुढे कुणा लीडला अर्थ लावावा लागणार नाही. हॉर्न ऑफ गोंडोरला मिळाला तसाच हॉटफिक्स.

तर तीन टेबलं झाली. खेळात शंका वाचणाऱ्याविरुद्ध गेली, भाड्याच्या घरात लिहिणाऱ्याविरुद्ध, आणि ऑफिसात अधिकार असणाऱ्याविरुद्ध. वरवर बघता तीन वेगळे निकाल, पण प्रश्न एकच आहे. धूसर शब्दावर ज्याचा हात आहे आणि त्यातून ज्याचा लाभ आहे तो एकच माणूस आहे का? असेल, तर शंका त्याच्या विरुद्ध. तो माणूस कधी घरमालक असतो, कधी कंपनी असते, आणि शनिवारी रात्री आपणच असतो.

आपल्याकडे 'नरो वा कुंजरो वा' हे आपण अर्धवट बोलणाऱ्याला उद्देशून म्हणतो. धर्मराजाला त्या एका वाक्याबद्दल कुणी सोडलेलं नाही. पण ऐकणाऱ्याचाही एक नरो वा कुंजरो वा असतो. वाक्य दोन्हीकडे झुकतंय, आणि आपण डोळे मिटून आपल्याला हवी ती बाजू धरतो. त्याची कथा होत नाही, कारण तिथे दुसरं कुणी हजर नसतं.

आता वकिलाच्या त्या तक्रारीचं उत्तर. आपण उगाच हरलो का? समजा आम्ही त्याचा अर्थ धरला असता, गँडाल्फ आला असता आणि ट्रोल पडला असता. चुकीचं काहीच नव्हतं. पण असा खेळ जिंकल्याचा पुरावा काय असतो? ट्रॉफी नाही, हरलेला प्रतिस्पर्धी नाही, सर्व्हरवर नोंद नाही. चौघांनी एकमेकांकडे बघून 'जिंकलो' म्हणायचं, एवढाच पुरावा. त्या शब्दाला किंमत यावी म्हणून आधीचे सगळे 'हरलो' तेवढ्याच काटेकोरपणे म्हणावे लागतात. टेस्टरने टाकून दिलेल्या त्या एका कार्डामुळे आमच्या टेबलावरचा 'जिंकलो' हा शब्द अजून शाबूत आहे.

अँड्युइन आम्ही आठव्या शनिवारी पार केली. थ्रेट अनुक्रमे ४४, ४६, ४८ आणि ४९. कुठलाही शब्द ओढूनताणून लावला नव्हता, आणि ते चौघांनाही माहीत होतं. बायको कधी नव्हे ते ओरडली. शेजारच्यांनी पुन्हा खिडकी लावली :)